पेट्रोल पंपाचा फलक आणि ‘हार्डशिप’: अमेरिकेतल्या झोनिंगचा एक छोटा इतिहास



पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: “तुमचा डेटा कुठून येणार?” विषय नियमांशी किंवा धोरणांशी संबंधित असेल तर बहुतेक जण सांगतात की कायदे वाचू, शासन निर्णय वाचू, नियमावली वाचू. आज मी असा एक विषय घेतला आहे जिथे नियमावली पाठ केली तरी प्रत्यक्षात काय घडलं ते कळत नाही. विषय आहे अमेरिकेतल्या पेट्रोल पंपांचे फलक. हसू नका. माझी एम.एस्सी. भौतिकशास्त्रातली आहे आणि पीएच.डी. शहरातल्या रात्रीच्या उजेडावर चालू आहे. फलकांचा उजेड आणि आकार कोण ठरवतं हे शोधताना मी या इतिहासात शिरले, आणि ठरवलं होतं त्यापेक्षा बरेच दिवस तिथेच रमले.

तर प्रश्न साधा आहे. अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावात पंपाचा फलक १५ फूट उंच असावा की ८० फूट, हे ठरवतं कोण? पुस्तकी उत्तर: गावाचा झोनिंगचा नियम. खरं उत्तर: नियम, अधिक त्या नियमातून दिलेल्या सवलती. या सवलतीला तिथे ‘व्हेरिअन्स’ म्हणतात. आपल्याकडच्या नगररचनेच्या भाषेत जवळचा शब्द म्हणजे ‘शिथिलता’. मी पुढे ‘सूट’ म्हणेन, लिहायला सोपं जातं.

ही सूट मुळात आली कुठून ते आधी बघू. १९१६ मध्ये न्यूयॉर्क शहराने अमेरिकेतला पहिला सर्वंकष झोनिंग ठराव केला. कुठे घरं, कुठे दुकानं, कुठे कारखाने, आणि इमारत किती उंच, असं सगळं नकाशावर बसवलं. एक वर्ष आधीच पूर्ण झालेल्या इक्विटेबल बिल्डिंगची सावली शेजारच्या रस्त्यांवर पडायची, फिफ्थ अॅव्हेन्यूच्या दुकानदारांना कपडे शिवणारे कारखाने जवळ नको होते, अशी बरीच कारणं होती. या ठरावामागचे मुख्य वकील एडवर्ड बॅसेट. त्यांची धास्ती वेगळीच होती. शहरभर एकच नियम लावला की एखादा वेडावाकडा, उताराचा, त्रिकोणी प्लॉट त्यात अडकणारच. त्या मालकाने कोर्टात जाऊन “माझ्यावर अन्याय झाला” म्हटलं आणि न्यायाधीशाला ते पटलं, तर त्या एका प्लॉटपायी अख्खा कायदा रद्द व्हायचा. म्हणून कायद्यातच एक अपील मंडळ ठेवलं. ज्याला नियम फारच जाचतो त्याने आधी तिथे जावं. प्रेशर कुकरला शिट्टी असते तसा हा प्रकार. दयाबुद्धीपेक्षा कायदा टिकवण्याची सोय म्हणून सूट जन्माला आली, हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

न्यूयॉर्कचा हा प्रयोग देशभर पसरायला एक नमुना लागला. हर्बर्ट हूव्हर वाणिज्यमंत्री असताना त्यांच्या खात्याने राज्यांसाठी एक आदर्श कायद्याचा मसुदा काढला. १९२४ मध्ये तो छापला, १९२६ मध्ये सुधारला. त्याच १९२६ मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग घटनेत बसतं असा निकाल दिला, आणि मग गावोगाव झोनिंग आलं. या आदर्श मसुद्यातलं सातवं कलम संशोधकांनी मुद्दाम वाचावं असं आहे. पाच जणांचं मंडळ. जागेच्या विशेष परिस्थितीमुळे नियम शब्दशः लावला तर ‘अनावश्यक हार्डशिप’ होणार असेल, आणि सूट दिल्याने सार्वजनिक हिताला बाध येणार नसेल, तरच सूट. पाचपैकी चार मतं हवीत. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: मंडळाची सभा सर्वांना खुली, प्रत्येक सदस्याचं मत इतिवृत्तात नोंदवायचं, आणि ते इतिवृत्त म्हणजे सार्वजनिक दस्तऐवज. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी हे चार शब्द मसुद्यात घातले म्हणून आज आपल्याला डेटा मिळतो.

‘हार्डशिप’ हा शब्द मुंबईतल्या आर्किटेक्टना ओळखीचा वाटेल. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ६४ (ब) मध्ये हेच होतं: उघड दाखवता येईल अशी हार्डशिप असेल तर आयुक्त लेखी कारण नोंदवून मोजमापात सवलत देऊ शकत. शब्द तोच, पण निर्णय घेणारा वेगळा. इथे एक अधिकारी, तिथे गावातलेच पाच लोक, आणि समोर खुर्च्यांवर बसलेले शेजारी.

आता पंपांकडे. मोटारी नवीन होत्या तेव्हा पेट्रोल किराणा दुकानात, हार्डवेअरच्या दुकानात मिळायचं. मग फुटपाथच्या कडेला पंप आले. गाडी रस्त्यातच थांबवून पेट्रोल भरायचं, मागे रांग. १९१३ मध्ये गल्फ कंपनीने पिट्सबर्गमध्ये गाडी आत घेता येईल असा पंप बांधला आणि हळूहळू कोपऱ्यावरचा प्लॉट ही पंपाची ठरलेली जागा झाली. कोपरा का? दोन रस्त्यांवरून दिसतो आणि दोन रस्त्यांवरून आत येता येतं. आणि कोपऱ्यावर बहुधा शेजारी म्हणून कुणाचं तरी घर असतं. म्हणजे भांडणाची जागा आधीच ठरलेली.

पंपाला फलकाची गरज इतर दुकानांपेक्षा जास्त का, याचा मी बराच विचार केला. मला पटलेलं उत्तर असं: पेट्रोल दिसत नाही. भाजीवाल्याचा माल दिसतो, कापडवाल्याचा काचेतून दिसतो. पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असतं आणि तिथून नळीने थेट गाडीच्या टाकीत जातं. गिऱ्हाईकाने पैसे दिले तरी माल त्याच्या नजरेला पडत नाही. त्यात एका कंपनीचं पेट्रोल दुसरीपेक्षा वेगळं आहे हे गाडी चालवून कुणालाही सांगता येत नाही. तेव्हा फलक हाच दुकानाचा दर्शनी भाग आणि फलक हाच मालाचा नमुना. हे इतकं पुढे गेलं की इमारतच फलक झाली. वॉशिंग्टन राज्यातल्या झिला गावात १९२२ मध्ये चहाच्या किटलीच्या आकाराचा पंप बांधला गेला. टीपॉट डोम तेल घोटाळ्यावरचा तो टोमणा होता. नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलममध्ये १९३० मध्ये शेलच्या शिंपल्याच्या आकाराचे पंप बांधले, त्यातला एक अजून उभा आहे. नियम लिहिणाऱ्याने आता काय करावं? फलकाचं क्षेत्रफळ मोजायचं तर शिंपल्याचं क्षेत्रफळ काढायचं का? हा प्रश्न आजही तसाच आहे, फक्त शिंपल्याच्या जागी पंपावरचं छप्पर आलं. छपराच्या कडेला कंपनीच्या रंगाचा उजळलेला पट्टा असतो. तो फलक की इमारतीचा भाग? वेगवेगळ्या गावांनी वेगवेगळी उत्तरं दिली, आणि प्रत्येक उत्तरामागे कुणाचा तरी सुटीचा अर्ज असतो.

फलकांवर नियम करायला सुरुवातीला न्यायालयांना कारण काय दिलं जायचं, तेही मजेशीर आहे. नुसतं “दिसायला वाईट” म्हटलं तर कोर्ट ऐकत नसे. म्हणून १९१७ मध्ये शिकागोच्या जाहिरात फलकांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा युक्तिवाद असा होता की फलकांमागे घाण साचते, आग लागते, गुंड लपतात. नियम टिकला. सौंदर्य हे सरकारी अधिकाराचं कारण असू शकतं असं सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे म्हटलं ते १९५४ मध्ये, बर्मन विरुद्ध पार्कर या खटल्यात, आणि तोही खटला वॉशिंग्टन शहरातल्या झोपडपट्टी निर्मूलनाचा होता. म्हणजे जवळपास चाळीस वर्षं गावांना हवं होतं सौंदर्य आणि कागदावर लिहावी लागत होती आग. जुनी कागदपत्रं वाचताना दिलेलं कारण आणि खरं कारण असे दोन रकाने करा, फायदा होतो.

पंपाच्या फलकाचे दोन भाग असतात: नाव आणि भाव. भावाच्या भागाची कथा वेगळी आहे. महामंदीच्या काळात पंपांमध्ये भावाची लढाई जुंपली. जो तो रस्त्याच्या कडेला मोठमोठे आकडे लावू लागला. त्यात फसवणूकही होती, मोठ्या अक्षरात कमी भाव आणि खाली बारीक अक्षरात अट. यावर काही राज्यांनी आणि शहरांनी भावाच्या फलकाच्या आकारावर आणि जागेवर बंधनं घातली. १९३९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयांनी अशी बंधनं मान्य केली. इतर काही ठिकाणी उलटे निकालही लागले. कारण दिलं गेलं ग्राहकाच्या फसवणुकीचं. पण भाव लहान अक्षरात लिहिला की स्वस्त विकणाऱ्याचं सगळ्यात मोठं हत्यार बोथट होतं, आणि जम बसलेल्या पंपवाल्यांना ते सोयीचं होतं, असं माझं मत आहे. पुन्हा तेच दोन रकाने.

नंतर वारं फिरलं. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातल्या औषधांच्या खटल्यात सांगितलं की किमतीची जाहिरात हेही घटनेने संरक्षण दिलेलं भाषण आहे, कारण किंमत कळणं ही ग्राहकाची गरज आहे. त्याच धाग्यावर १९८१ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने पीचट्री सिटी या आखीवरेखीव गावाचा, पंपाच्या फलकावर भाव लावू न देणारा नियम मोडीत काढला. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तर रस्त्यावरून दिसेल असा भावफलक लावणं सक्तीचं आहे. चाळीस-पन्नास वर्षांत “मोठा लावू नका” पासून “लावलाच पाहिजे” पर्यंत प्रवास.

आपल्या वाचकांना हे थोडं परकं वाटेल. आपल्याकडे बहुतेक पंप तीन सरकारी तेल कंपन्यांचे, एका शहरात भावात फरक पडलाच तर पैशांचा. भाव बघून पंप बदलणारा माणूस मी तरी फारसा पाहिलेला नाही. तिथे मात्र चौकातल्या दोन पंपांत गॅलनमागे पाच सेंटचा फरक असला तर गाड्या वळतात. म्हणून तिथे आकड्याची उंची म्हणजे धंदा.

इथे जरा गणित करू, मला राहवत नाही. अमेरिकेच्या वाहतूक चिन्हांच्या संघीय पुस्तिकेत (२००९ ची आवृत्ती) एक ढोबळ प्रमाण आहे: अक्षराची उंची १ इंच असेल तर ते ३० फुटांवरून वाचता येतं असं धरा. आकडा १२ इंचांचा असेल तर ३६० फूट. ताशी ४५ मैल म्हणजे सेकंदाला ६६ फूट. वाचायला मिळाले साधारण साडेपाच सेकंद. आकडा ६ इंचांचा केला तर पावणेतीन सेकंद, आणि तेवढ्यात भाव वाचायचा, ठरवायचं, लेन बदलायची. हा झाला पंपवाल्याचा युक्तिवाद, आणि तो खोटा नाही. आता दुसरी बाजू. गावाचा नियम बहुधा फलकाचं क्षेत्रफळ मोजतो, उंचीच्या वर्गाने वाढणारं. १२ इंची आकड्यांची एक ओळ कडेच्या मोकळ्या जागेसकट समजा ३ फूट रुंद आणि दीड फूट उंच धरली तर साडेचार चौरस फूट. तीन प्रकारचं पेट्रोल आणि डिझेल मिळून चार ओळी, १८ चौरस फूट. आकडे दुप्पट करा, ७२. फलकाला एकूण ४० चौरस फुटांची मर्यादा असेल तर ७२ येणार कुठून? आणि कंपनीचं नाव कुठे बसणार? सूट मागणारे अर्ज या ‘वर्गा’तून निघतात. (१९७९ च्या सुमारास भाव गॅलनला एक डॉलरच्या पुढे गेला तेव्हा तर आणखी एक आकडा वाढला. जुन्या पंपांची यंत्रं ९९.९ सेंटच्या वर मोजतच नव्हती, म्हणून बऱ्याच ठिकाणी अर्ध्या गॅलनचा भाव लावून वेळ मारून नेली.)

हे झालं गावातल्या रस्त्याचं. महामार्गाची गोष्ट निराळी. १९५६ च्या कायद्याने इंटरस्टेट महामार्गांचं जाळं सुरू झालं आणि महामार्गाच्या स्वतःच्या जागेत पंप, हॉटेल वगैरे धंद्यांना मनाई झाली. परिणामी पंप गेले बाहेर पडण्याच्या वाटेजवळ, म्हणजे ‘एक्झिट’पाशी, गावाच्या हद्दीत. ताशी ७० मैलांनी, सेकंदाला १०३ फुटांनी जाणाऱ्या माणसाला एक्झिट मागे पडायच्या आत कळायला हवं की खाली पंप आहे. मध्ये झाडं, पूल, चढउतार. म्हणून खांब उंच होत गेले. ८० फूट, १०० फूट. १९६५ मध्ये लेडी बर्ड जॉन्सन यांच्या आग्रहातून महामार्ग सुशोभीकरणाचा कायदा आला, पण त्याने आवळले ते मुख्यतः दुसरीकडच्या धंद्याची जाहिरात करणारे फलक. स्वतःच्या जागेवर स्वतःचं नाव लावणाऱ्यांना तो लागू नव्हता. म्हणजे १०० फुटी खांबाला अडवणारं कुलूप एकच राहिलं, गावाचं झोनिंग. आणि किल्ली पाच जणांच्या मंडळाकडे.

आता त्या मंडळाच्या सभेत काय चालतं ते बघा, कारण इतिहास इथे घडतो. अर्जदार फी भरून अर्ज करतो, आसपासच्या मालकांना नोटीस जाते, मग एका संध्याकाळी सुनावणी. पंपवाल्याचे मुद्दे वाचायला लागलात की पाच-सहा इतिवृत्तांनंतर पाठ होतात. माझी जागा रस्त्यापेक्षा खोलगट आहे. वळणामुळे फलक उशिरा दिसतो. सरकारने लावलेली झाडं मोठी झाली. समोरच्याचा फलक माझ्यापेक्षा उंच आहे. कंपनी ठरावीक मापाचाच फलक देते, लहान बनवून देत नाही. आणि शेवटी: फलक मोठा नसेल तर माझा धंदा बसेल.

कायद्याच्या कसोटीवर यातले पहिले दोन-तीन मुद्दे दमदार आणि उरलेले कच्चे. कारण हार्डशिप जमिनीची हवी, माणसाची नव्हे. आज हा मालक आहे, उद्या दुसरा येईल, पण सूट जमिनीबरोबर राहते. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने १९३९ मध्ये ओटो विरुद्ध स्टाइनहिल्बर या खटल्यात भूवापराच्या सुटीसाठी तीन कसोट्या घातल्या: नियमाप्रमाणे वापरून जागेतून वाजवी उत्पन्न मिळत नाही, अडचण या जागेची खास आहे, आणि सुटीमुळे परिसराचं मूळ रूप बदलत नाही. फलकाची उंची वा आकार हा सहसा मोजमापाच्या सुटीचा प्रश्न, आणि त्याची कसोटी जरा सैल. न्यूयॉर्क राज्याच्या १९९२ पासून लागू झालेल्या कायद्यात तर सरळ तोलून बघायला सांगितलं आहे: अर्जदाराचा फायदा एका पारड्यात, परिसराचं नुकसान दुसऱ्यात, आणि तोलताना पाच गोष्टी विचारात घ्या. परिसर बदलेल का, दुसरा उपाय आहे का, मागितलेली सूट किती मोठी, वातावरणावर परिणाम काय, आणि अडचण स्वतःच ओढवून घेतलेली आहे का.

‘कंपनीचा ठरावीक फलक’ हा मुद्दा या शेवटच्या प्रश्नावर अडकतो. करार तूच केलास ना? पण समोर उभा असलेला माणूस बहुतेक वेळा कंपनीचा मोठा साहेब नसतो, कर्ज काढून पंप चालवणारा डीलर असतो. नियम मोडला तर गाव दंड करणार, कंपनीचा फलक नाकारला तर कंपनी करार मोडणार. कायद्याच्या भाषेत याची हार्डशिप मोजली जात नाही. मला हे प्रकरण या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात अवघड वाटतं, आणि जमिनीचा निकष कितीही शहाणपणाचा असला तरी तो या माणसाला उत्तर देत नाही असं मी म्हणेन.

समोरच्याच्या उंच फलकाचाही पेच आहे. तो बहुधा नियम येण्याआधीचा असतो. अशा जुन्या फलकाला कायदा अभय देतो, पण मोठा बदल केला की अभय गेलं, असं अनेक गावांचं कलम. आता कंपनीने नावच बदललं तर? १९७२ मध्ये एसो, एन्को ही नावं जाऊन देशभर एक्सॉन आलं. १९९९ मध्ये एक्सॉन आणि मोबिल एक झाल्या. नुसता दर्शनी पत्रा बदलणं हा ‘बदल’ आहे की देखभाल? बोर्डरूममध्ये झालेला एक सौदा शेकडो मैलांवरच्या गावात पाच जणांपुढे अर्ज होऊन येतो.

असंच एलईडीचं. जुन्या नियमावलींत लुकलुकणारे, हलणारे, बदलते फलक मना असतात. तेव्हा भाव बदलायला पोरगा लांब काठी घेऊन आकडे बदलायचा. एलईडी आल्यावर तोच आकडा आतून बटण दाबून बदलतो. दिवसातून एकदा बदलणारा आकडा ‘बदलता फलक’ झाला का? काही गावांनी सूट दिली, काहींनी “भावाच्या आकड्यांपुरतं चालेल” असं कलम घातलं. त्या कलमावर २०१५ मध्ये वेगळंच सावट आलं. रीड विरुद्ध गिल्बर्ट या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की फलकावर काय लिहिलं आहे यावरून वेगवेगळे नियम लावाल तर ते अत्यंत कडक कसोटीवर तपासू. “पेट्रोलचा भाव असेल तर चालेल” हे कलम मजकूर वाचल्याशिवाय लावताच येत नाही. गावांच्या वकिलांनी नियमावल्या पुन्हा उघडल्या. २०२२ च्या ऑस्टिनच्या निकालाने थोडा दिलासा दिला, पण तो फलक कुठे आहे या भेदापुरता.

मग मंडळं सुटी देताना कसोट्या पाळत होती का? यावरचा गाजलेला अभ्यास १९६२ चा. जेसी ड्यूकमिनियर आणि क्लाइड स्टेपलटन यांनी केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या मंडळाची कागदपत्रं तपासली आणि लेखाच्या शीर्षकातच त्याला गैरकारभार म्हटलं. तेव्हापासून मंडळं वाटेल त्याला सूट देतात असा समज रूढ झाला. इथे आपल्यातल्या विज्ञानवाल्यांनी जरा थांबावं. शंभर अर्जांपैकी सत्तर मंजूर, हा आकडा समजा मिळाला. त्यावरून मंडळ सैल ठरतं का? अर्ज कोण करतं? ज्याला आशा आहे तो. फी, वकील, नकाशे यांचा खर्च करण्याआधी माणूस गावाच्या नियोजन कचेरीत विचारतो, तिथला कारकून म्हणतो “नका नादी लागू”, आणि तो अर्ज कधीच जन्माला येत नाही. तुमचा छेद चुकीचा आहे. उलटी चूकही तितकीच सोपी: रस्त्यावर उभे असलेले उंच फलक मोजून नियम कुचकामी ठरवणं. नाकारलेला फलक रस्त्यावर दिसत नाही, तो फक्त इतिवृत्तात असतो. आणि ४० फूट मागून ‘तडजोड’ म्हणून ३० मिळालेला? तो मंजूर धरायचा की नामंजूर? माझ्या वहीत त्यासाठी मी मागितलेलं, नियमातलं आणि मिळालेलं असे तीन आकडे लिहिते. होय-नाहीच्या रकान्यापेक्षा त्या तीन आकड्यांतून जास्त कळतं.

या पार्श्वभूमीवर घाटकोपर आठवणं साहजिक आहे. १३ मे २०२४ ला पेट्रोल पंपावर कोसळलेलं १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग, १७ मृत्यू, आणि महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०. पण ते प्रकरण सुटीचं नव्हतं. तिथे वाद होता तो ही जागा रेल्वे पोलिसांची, मग महापालिकेचा नियम तिला लागतो का, असा. सुटीच्या पद्धतीत निदान कुणीतरी अर्ज करतो, कारण सांगतो आणि मत देणाऱ्यांची नावं कागदावर राहतात. नियम लागूच नाही म्हटलं की तो कागदही तयार होत नाही.

काळ गेला की फलकाचा अर्थही बदलतो. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समध्ये मॅगझिन स्ट्रीट आणि मेमोरियल ड्राइव्हच्या कोपऱ्यावर शेलचा पंप आहे. तिथला शिंपल्याच्या आकाराचा प्रचंड फलक १९३३ चा, मूळचा कंपनीच्या बॉस्टनमधल्या इमारतीवरचा, १९४४ मध्ये पंपावर आणलेला. १९९४ मध्ये तो ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेला. ज्या आकाराचे फलक येऊ नयेत म्हणून गावोगाव कलमं लिहिली गेली, त्यातल्या एकाच्या नावाने आता जतनाची फाइल आहे.

शेवटी कुणाला विषय हवा असेल तर एक जागा रिकामी दिसते. मंडळं बऱ्याचदा अटींसह सूट देतात: रात्री अमुक वाजता दिवे बंद, उजेड शेजारच्या हद्दीत जाता कामा नये, झाडांची रांग लावा. अट इतिवृत्तात लिहिली जाते आणि फाइल बंद होते. दहा वर्षांनी ती अट पाळली जाते का? मी आधी उपग्रहाच्या रात्रीच्या छायाचित्रांतून हे बघता येईल का ते तपासलं. व्हीआयआयआरएस उपकरणाचा एक पिक्सेल साधारण ७५० मीटरचा, त्यात पंप, मॉल, पार्किंग सगळं एकत्र मिसळतं. एक फलक त्यात वेगळा दिसायचा नाही. तेव्हा इतिवृत्तातून अटी असलेल्या फलकांची यादी काढायची, रात्री त्या वेळेनंतर लक्समीटर घेऊन शेजारच्या कुंपणापाशी उभं राहायचं आणि आकडा लिहायचा. प्रत्येक जागी निदान तीन रात्री, त्यातली एक शनिवारची.